टेबल चौघांचं

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नाही. अमावस्येला घर बदललंय, मांजर आडवं गेलं तर त्यालाच हाकललंय. समीर, माझा नवरा, म्हणतो की भूत भेटलंच तर हिच्याशी वाद घालून तेच दमेल. तरीही हे लिहितेय... कारण मनातून जात नाही.

आम्ही मेलबर्नला, ट्रुगानिनात राहतो. मी, समीर आणि सहा वर्षांची ईरा. गेल्या सप्टेंबरच्या सुट्टीत इटलीला गेलो होतो. निघायच्या दिवशी नाशिकहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल.

"तिघंच निघताय? अगं, तीन तिगाडा, काम बिगाडा! चौथा म्हणून एक खडा तरी घ्या बरोबर."

मी कपाळाला हात लावला. पण समीर आईचा शब्द खाली पडू देत नाही. आमच्याकडे सगळ्यांच्याच दारापुढे पांढरे खडे पसरलेले असतात. ईराने त्यातला एक उचलला, समीरने तो बॅगेच्या कप्प्यात टाकला.

रोममध्ये काही झालं नाही. तिथल्या गर्दीत कोण कोणाला मोजतंय! शेवटचे काही दिवस मात्र आम्ही दक्षिणेकडच्या एका लहानशा समुद्रकाठच्या गावात काढले. सीझन संपत आलेला, दुपारी सगळ्या खिडक्या बंद, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. शांतता हवी म्हणून मीच शोधलं होतं ते.

पहिल्याच संध्याकाळी हॉटेलातल्या वेटरने चार ताटल्या मांडल्या. मी तीन बोटं दाखवली. त्याने ईराच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, हसला आणि तिच्यावर एक उशी आणून ठेवली. लहान मुलांना ठेवतात तशी. सकाळी, आम्ही उतरलो होतो त्या घराच्या मालकीण आजींनी दोन कप कॉफी आणि दोन छोटे कप दूध आणलं.

"आईचा खडा दूध पितोय बघ," समीर म्हणाला. मीही हसले.

पण मग आइस्क्रीमवाल्या मुलीनेही ईराच्या हातात दोन कप दिले. एकाची चूक समजू शकते, गावभर सगळ्यांची तीच चूक? "कोणासाठी हा दुसरा?" मी तिला चिडूनच विचारलं. तिला इंग्रजी येत नव्हतं. ईरा शांतपणे आपल्या कपातलं आइस्क्रीम खात होती. मला पहिल्यांदा भीती वाटली ती तेव्हा.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर आमचा दोघांचाही डोळा लागला. जाग आली तर ईरा पलंगावर नव्हती. बाथरूममध्ये नव्हती, जिन्यात नव्हती. दार उघडं होतं आणि गल्लीच्या टोकाला समुद्र. मी "ईराऽऽ" ओरडत धावले, पण त्या बंद दारांपैकी एकही उघडलं नाही.

धक्क्यावर एक म्हातारा कोळी जाळं दुरुस्त करत बसला होता. समीरने ईराचा फोटो दाखवला आणि भाषांतरासाठी फोन त्याच्या तोंडापुढे धरला. फोन म्हणाला, "मुलगी तिकडे गेली. काळजी करू नका. तिच्या भावाने हात धरला आहे."

ईराला भाऊ नाही.

धक्क्यामागे पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या होत्या. शेवटच्या कोरड्या पायरीवर ईरा उभी होती, चपला काढून. खालच्या पायरीवर लाटा जोरात आपटत होत्या. तिचा एक हात मागे ताणलेला होता... कोणी धरून ठेवावा तसा. मी तिला उचललं तेव्हा कुठे तो हात खाली आला.

"आय वॉन्टेड टू गो इन," ती कुरकुरत म्हणाली, "ही वुडन्ट लेट गो."

"कोण, बाळा?"

"आपल्याबरोबर येतो ना, तो."

संध्याकाळी मी बॅगेतून खडा काढला. समीर आडवा आला. "अगं, त्याने वाचवलं तिला."

"आज वाचवलं. उद्या तिला कुठे घेऊन जाईल?"

मी धक्क्यावरून खडा समुद्रात फेकला. निघायच्या दिवशी न्याहारीला दुधाचा एकच कप आला.

आजी बस स्टॉपपर्यंत पोचवायला आल्या. बस सुटली तेव्हा त्या एका हाताने टाटा करत होत्या. दुसरा हात बाजूला, खाली आणि मुठीत काहीतरी धरल्यासारखा. ईराही टाटा करत होती, पण आजींकडे बघून नाही. समीर म्हणतो, तू उगाच मनाला लावून घेतेस. त्याने तिकडे पाहिलंच नव्हतं.

परतीचा प्रवास सुखरूप झाला, पण विमान हललं की माझा जीव वरखाली होत होता. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "अगं, खडा घरी पोचल्यावर टाकायचा असतो. वाटेत सोडतात का कोणाला?" तेव्हापासून ते एक वाक्य डोक्यात बसलंय. कोळ्याने दुसरी मुलं पाहिली असतील, वेटरने उगाच गंमत केली असेल... स्वतःची अशी समजूत घालून पाहिली. एकही उत्तर पटत नाही.

गेल्या शनिवारी वेरिबीजवळच्या बीचवर गेलो होतो. ईरा पाण्याकडे पळाली आणि मी धावत जाऊन तिचं मनगट घट्ट पकडलं.

"आई, इट हर्ट्स!" ती रडवेली झाली. "ही नेव्हर हर्ट मी."

मी तरीही हात सोडला नाही.