भिंतीपलीकडचे उंदीर

खानावळ दिराची असली तरी स्वयंपाकघरात शब्द चालायचा तो वहिनींचा. दीर गल्ल्यावर बसायचा आणि वहिनी ओट्यापाशी उभ्या, गेली बावीस वर्षं. फरशी दिवसातून तीनदा धुतली जायची. कुणी ओलं फडकं तसंच टाकलं की त्या विचारायच्या, "घरीही असंच लोळत असतं का रे?" तपासनीस यायचे, डबे उघडून बघायचे, सही करून जायचे.

मग शेजारच्या बेकरीत उंदीर सापडले आणि तिला सील लागलं. बाहेर कुलूप, वर लाखेचा शिक्का आणि आत मैद्याची पोती जशीच्या तशी. बेकरीवाला लेकीकडे निघून गेला. पोती होती तोवर उंदरांची चैन होती. संपली तसे ते भिंत पोखरून इकडे आले.

वहिनींनी भोकात काचा कुटून भरल्या, वर सिमेंट लिंपलं. चार दिवसांत हातभर अंतरावर नवं भोक. औषधवाल्याने भिंतीला कान लावला. "वहिनी, यांचं बिऱ्हाड पलीकडे आहे. इथे औषध मारून काय उपयोग?"

त्या तपासणी कचेरीत गेल्या. कारकून म्हणाला, "सील उघडायला मालकाचा अर्ज लागतो."

"मालक फोन उचलत नाही हो."

"मग आम्ही तरी काय करणार?"

तीन खेपा झाल्या, तिन्ही वेळा हेच.

एका मंगळवारी तपासनीस आले. गुडघे टेकून त्यांनी तांदळाच्या पिंपामागे बॅटरी मारली. चार-पाच लेंड्या, ताज्या.

"सकाळीच पुसलंय मी तिथे," वहिनी म्हणाल्या. "शेजारचं सील तुमचंच ना? ते उघडा, आठवड्यात एक जरी लेंडी दिसली तर मी स्वतः कुलूप लावीन."

तपासनीस उठले, पँट झटकत राहिले. "मी दोनदा वर लिहून दिलंय, वहिनी. पण दिसलं ते मांडावंच लागतं मला."

दीर हात जोडून पुढे आला. वहिनींनी त्याचा दंड धरला. "राहू द्या, भाऊजी. त्यांच्या हातात काही नाही."

बंदी लागली की शिजलेलं सगळं टाकून द्यायचा नियम होता. भाताचं पातेलं वहिनींनी दुसऱ्या कुणाला उचलू दिलं नाही.

पंधरा दिवसांची बंदी तीन महिने चालली, कारण सफाईसाठी बेकरीत शिरायलाही परवानगी हवी होती. बेकरी एकदाची उघडली तोवर गिऱ्हाईक पांगलं होतं, आणि दिराने जागा सोडून दिली.

वहिनी आता एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात भाजी चिरतात. परवा त्यांना मोरीजवळ झुरळं दिसली. त्यांनी मुख्य आचाऱ्याला सांगितलं.

"मावशी," तो मान वर न करता म्हणाला, "तुम्ही भाजीचं बघा."

त्यांनी पुढची जुडी ओढली.