अकरा नंबरचं पाणी

इंदू गेल्याचा फोन आला तेव्हा मी चहा गाळत होते. दुपारचे साडेतीन झाले असतील. तिचा भाचा बोलत होता, आवाज बसलेला. माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो हाच, "शेवटी जवळ कोण होतं रे?" तो म्हणाला, "कोणीच नाही काकी. आयसीयूत सोडत नाहीत ना. आम्ही खाली कँटीनला होतो." मी गॅस बंद केला आणि ओट्याला धरून उभी राहिले. या गोष्टीला आता सव्वा महिना झाला.

इंदू आमच्या परळच्या इस्पितळात आया होती आणि मी त्याच वॉर्डात सिस्टर. ती लालबागच्या चाळीतली, मूळची मालवणकडची. तोंडाने फाटकी, हाताने मऊ. मी रिटायर झाल्यावर तिला शंभरदा सांगितलं, अगं आता मला नलू म्हण. पण मी शेवटपर्यंत सिस्टरच राहिले. तिच्या एप्रनच्या खिशात एक छोटा स्टीलचा चमचा असायचा, पांढऱ्या सुती फडक्यात गुंडाळलेला. वॉर्डात कुणाचं माणूस वेळेवर पोचणार नाही असं दिसलं की इंदू तो चमचा काढायची.

आणि तिला सगळं ठाऊक असायचं हो! आमचे डॉक्टर एवढे शिकलेले, पण तेही तिलाच विचारायचे. हिंदू असेल तर गंगाजल आणि तुळशीचं पान. मुसलमान असेल तर पलंग असा वळवायचा की तोंड पश्चिमेकडे होईल, गेल्यावर डोळे मिटायचे, हनुवटी बांधायची, आणि कलमा म्हणायला त्यांच्यातलं कुणी मिळतं का ते सगळ्या मजल्यांवर बघून यायचं. ख्रिश्चन असेल तर आधी फादरना फोन. नायगावची बौद्ध आजी होती, तिच्यासाठी इंदूने गंगाजलाची बाटली लांब ठेवली होती. "तिला नको ते. साधं पाणी, आणि त्रिसरण म्हणणारं माणूस," असं तिने मला बजावलं. एका जैन म्हातारबाबांनी अन्नपाणी सोडलं होतं. मला त्यांचे ओठ बघवेनात, मी ग्लास उचलला, तर इंदूने माझं मनगट धरलं. "दया येता ती तुझी. नेम तेंचो." नवी सिस्टर आली की मी म्हणायची, पुस्तकं ठेव बाजूला, इंदूमावशीच्या मागे दोन दिवस फीर.

अशा बाईच्या हातून अकरा वर्षांपूर्वी एक चूक झाली. खरं तर माझ्या हातून.

अकरा नंबरला लालबागचे एक एकटे आजोबा होते. घरचं कुणी नाही, त्यांनी मला सांगून ठेवलं होतं की शेवटी तुळस घाला. बारा नंबरला रे रोडचे एक चाचा, लाकडाच्या वखारीतले, तेही शेवटाला आलेले. त्या सकाळी अकराचा कफ ओढायचा सक्शन पॉइंट बिघडला, आणि आजोबांना तो सारखा लागायचा. मी वॉर्डबॉयला सांगून दोघांच्या जागा बदलल्या, पण नंबरच्या पाट्या भिंतीवर जिथल्या तिथे राहिल्या. दुपारी इंदू चार दिवसांच्या रजेवरून थेट ड्यूटीवर आली. त्या दोघांना तिने पाहिलेलंच नव्हतं. मी औषधांच्या ट्रॉलीत डोकं घालून म्हणाले, "इंदू, अकरा जातोय बहुतेक. त्याला कुणी नाही, तू बघ." ती गेली. दोघेही तसेच, हाडं वर आलेली, तोंडावर मास्क. तिने मास्क बाजूला केला, चमच्याने पाणी घातलं, ओठांवर पान ठेवलं. दहा मिनिटांत खेळ आटोपला. मी कागद भरायला पोचले आणि म्हणाले, "अगं, हे तर बारा नंबरचे!" ते चाचा होते; मी सवयीने आजोबांचा जुनाच आकडा सांगितला होता.

इंदूने माझ्याकडे पाहिलं, ओठांवरचं पान उचललं आणि मुठीत धरलं. तेवढ्यात जिन्यावरून त्यांची माणसं धावत आली. मुलगा तिशीला आलेला असेल. आम्ही दोघी भिंतीला चिकटून उभ्या. मी कागद पुढे केला, मुलाने सही केली.

त्या दिवसापासून इंदूने चमचा वापरला नाही; संध्याकाळी आजोबांना तुळस मीच घातली. रात्री जागायची, वजन उतरलं. मला वाटलं, नोकरीची भीती. माझी पाचावर धारण बसली होती ती नोकरीपायीच. पण तिची भीती निराळी होती. एकदा डबा खाताना म्हणाली, "सिस्टर, तो खंय अडाकलो असात गो? ते म्हणतले, तोंडाक तुळस लागली, ह्यो आमचो न्हय. आमचे म्हणतले, नाव बघ, ह्यो आमचो न्हय. मग जातलो खंय?" मी म्हटलं, "इंदू, चूक माझी. मी आकडा चुकीचा सांगितला." ती म्हणाली, "तू आकडो सांगितलंस. तोंड मी बघूक होया होता."

मग ती विचारत सुटली. सुट्टीच्या दिवशी साडी नेसून निघायची. माहीमच्या एका मौलवींकडे मला ओढून नेलं. ती आत, मी बाहेर दोघींच्या चपला राखत. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. मौलवी म्हणाले होते, ईमान घेऊन गेलेल्याचं एक पान काय बिघडवणार? पण बंद्याचा, म्हणजे माणसाचा, हक्क दुखावला असेल तर अल्लाही आधी त्या बंद्याकडे बोट दाखवतो, माफी त्याच्या घरून आण. दादरच्या फादरनी सांगितलं, देव क्षमा करतोच, पण ज्यांचं माणूस होतं त्यांच्यासमोर उभी राहा. गिरगावातल्या एका जैन आजींनी आधी विचारलं, त्यांनी पाणी सोडलं होतं का? नव्हतं ना, मग पाण्याचा दोष नाही. पण वर्षातून एकदा आम्ही ज्याचं मन दुखावलं त्याच्याच दाराशी क्षमा मागतो, देवळात नाही. नायगावच्या विहारातल्या भन्तेजींनी मात्र सरळ सांगितलं, तुझ्या मनात वाईट नव्हतं, आणि कुणीही कुठे अडकलेलं नाही. अडकली आहेस ती तू.

"चौघांत तिघांनी एकाच घराकडे बोट दाखवल्यानी," इंदू म्हणाली. "सिस्टर, रजिस्टरात पत्तो असतलो. बघ ना गो."

पत्ता मला पाठ होता... वखारीचं नाव, शेजारची गल्ली, सगळं. मी म्हणाले, "जुनी रजिस्टरं गेली रद्दीत."

खोटं बोलले मी. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं होतं माझं. आधी पेन्शन आडवी आली. रिटायर झाल्यावर म्हणायला लागले, अगं दिवस कसले आलेत बघ, हल्ली कशावरून काय पेटेल सांगता येत नाही, विषाची परीक्षा कोण घेणार? ती दर एक-दोन महिन्यांनी विषय काढायची आणि मी तिला गप्प करायची. "इंदू, असलं काही बोलू नकोस." शेवटच्या भेटीत, आयसीयूत नेण्याच्या आदल्या दिवशी, तिने उशीखालून चमचा काढून माझ्या हातात ठेवला. "माका भिया वाटता, सिस्टर," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, उद्या येते.

तेरावं झालं आणि मी रे रोडला गेले. सुनेला सांगितलं, देवळात जाते. पर्समध्ये चमचा होता. वखारीच्या दारात चारपाच माणसं बसलेली, आत करवत चालू. वाटलं, परत फिरावं. तेवढ्यात एक दाढी पिकू लागलेला माणूस उठला. "किससे मिलना है, मौसी?" चेहरा बापाचा होता.

मी सगळं सांगून टाकलं, माझ्या मोडक्या हिंदीत, उभ्याउभ्या. पलंग, पाट्या, माझी चूक, गंगाजल, पान. करवत बंद झाली होती, सगळे ऐकत होते. मला वाटलं, आता काही खरं नाही.

"मतलब... अब्बा के मुँह में पानी गया था?" त्याने विचारलं.

मी हो म्हणून मान हलवली.

तो मटकन फळ्यांवर बसला. "हम लोग ट्रैफिक में अटके थे. अम्मी मरते दम तक यही बोलके रोती रही, कि तेरे अब्बा प्यासे गए, अकेले गए. मैं तो आज भी पानी पीता है ना मौसी, तो..." मग बाहीने तोंड पुसून म्हणाला, "वो मौसी किधर हैं? मेरे को मिलना है उनसे."

मी सांगितलं, गेली.

"उनको पानी किसने दिया?"

त्याने आतून ग्लास आणून माझ्या हातात दिला. मी ते पाणी शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.

अकरा वर्षं मी तिला गप्प बसवलं. पत्ता माझ्याजवळ होता, परळहून टॅक्सीने वीस मिनिटांचा रस्ता. तो मुलगा इथे घोटाघोटाला रडत होता आणि ती तिथे लालबागला जागत होती... आणि मधे मी, घाबरट.

चमचा आता माझ्या उशाशी आहे, फडकं धुऊन पुन्हा गुंडाळलाय. मला हल्ली दुपारची झोप लागत नाही. परवा सुनेला हाक मारली, चमचा दाखवला, म्हटलं, "हा इथे असतो हं. नीट बघून ठेव. मला आयसीयूत नेलंत तर कुणीतरी हातापाया पडून आत या." ती कपड्यांच्या घड्या करत होती. वर न बघताच म्हणाली,

"आई, असलं काही बोलू नका."