चार बाजा कुरोड्या

पुस्तकात तिला कुरडई म्हणतात. आमच्या किन्हीराजात ती कुरोडी. आणि रुपाबाईच्या हातची कुरोडी तेलात सोडली की अशी फुलते, की कढई लहान पडते. गावात लग्न निघालं की माणूस आधी सोनाराकडे जातो, मग रुपाबाईकडे.

या चैतात लग्न तिच्याच घरी होतं. पोरगी रेणू, सासर कारंजाचं. सुपारी फुटली त्या दिवशी व्याहीण पानाला चुना लावता लावता बोलून गेली, "आमच्या कारंजात बाजारात पांढऱ्याफेक भेटते कुरोड्या. तुमी कायले तरास घेता?"

रुपाबाई हसली. पण तेव्हाच तिनं धरलं, रुखवतात आपल्याच हातच्या कुरोड्या जातील, आणि एकही लाल पडणार नाही.

कुरोडी काही मनात आली आणि केली असं होत नाही. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी वाटून चीक काढायचा, तो रात्रभर निवळू द्यायचा, पाचव्या दिवशी पहाटे शिजवून गरम गरम घालायच्या. गहू एकदा भिजले की मागं फिरता येत नाही, चीक आंबतो. म्हणजे आजच्या आभाळावरून पाच दिवसांनंतरचं ऊन ओळखायचं. रुपाबाईची माय इंझोरीला हे काम वैशाखात बिनघोर करायची. रुपाबाईला वैशाखानं अवकाळी पाऊस पाडून दोनदा फसवलं, तेव्हा तिनं ते चैतात आणलं. चैतानं फसवलं, तेव्हा फागुनात. कुणी सांगितलं नाही, कुठं वाचलं नाही. यंदा लग्नच उशिरा ठरलं, म्हणून पुन्हा चैत.

नेमकं त्या पाचव्या दिवशी बचत गटाचं प्रशिक्षण निघालं. विषय, हवामान बदल. गटाची अध्यक्ष रामीबाई सकाळीच दारात उभी.

"सही कराले तरी ये व माय. बाया कमी दिसल्या तं माही इज्जत जाते."

"अन् माह्या कुरोड्या?"

"समाजमंदिर तुह्या दारासमोर. खिडकीतून सारं दिसते. रेणू बसन कावळे हाकलत."

अंगणात चार बाजा, सुतळीच्या खाटा, त्यांवर धुतलेली धोतरं, धोतरांवर ओल्या कुरोड्या. रुपाबाई खिडकीशी जागा धरून बसली.

शिकवायला वाशीमहून पोरगा आला होता, नाव नवीन. मनानं चांगला. त्यानं पडद्यावर बर्फाचा डोंगर पाण्यात कोसळताना दाखवला.

"बाप्पा, एवढा बर्फ!" रामीबाई म्हणाली. "इथं रसवंतीवाल्याले भेटत नाही."

नवीननं हसू गिळलं. पृथ्वी दीड अंशानं तापत चालली आहे, त्यानं सांगितलं.

"दीडच? आमच्या अंगणात सकायपासून दुपारलोक पंधरा अंश चढते अन् उतरते. दीड आमाले कसं समजन, सर?" रामीबाईनं विचारलं.

"दोन हजार पन्नास साल येईल तेव्हा समजेल," नवीन म्हणाला.

"तवा रेणूले नातू होतीन. रेणू पाहीन मंग!"

बाया खळखळून हसल्या. नवीनचा चेहरा पडला. "मी गावोगाव जातो, ताई. कुठंच कुणाला याचं काही वाटत नाही. त्या मावशी बघा, मघापासून खिडकीबाहेरच बघतायत. मावशी, इकडे लक्ष द्या ना."

रुपाबाईनं मान वळवली नाही. "सर, मालेगावच्या अंगानं काळं उठून राह्यलं."

आणि ती उठली. पदर खोचत धावलीच.

ओली कुरोडी उचलता येत नाही, मोडते. बाज आहे तशीच आडवी न्यावी लागते. रुपाबाईच्या घराचं दार अरुंद. बाज तिरपी केल्याशिवाय आत जाईना, आणि तिरपी केली की साऱ्या कुरोड्यांचा एक गोळा. गावात दोन फळ्यांचं रुंद दार एकाच जागी होतं.

"समाजमंदिरात घ्या व!" रामीबाई ओरडली.

तीन बाजा बाया घेऊन आल्या. चौथीला एका अंगानं रेणू होती, दुसऱ्या अंगाला कुणी नाही. वारा सुटला, टपोरे थेंब पडू लागले. नवीन धावत गेला आणि त्यानं बाज धरली.

"सर, वाकडी करू नका! नवरी समजून आणा!" रामीबाई दारातून ओरडली.

त्या चौथीच्या कडेच्या वीसेक कुरोड्या भिजल्या. बाकीच्या कोरड्याठाक आत आल्या. पण नुसतं आत येऊन भागत नाही. हवा लागली नाही तर दमटपणानं कुरोडी संध्याकाळपर्यंत लाल पडते. कोपऱ्यात टेबलफॅन होता. भिंतीवर पिन लावायची जागा एकच, आणि तिथं नवीनचा प्रोजेक्टर. एरवी चार थेंब पडले की आमच्याकडे लाइट जाते. त्या दिवशी ती का राहिली, कोण जाणे.

रुपाबाई फॅनची पिन हातात धरून नुसती उभी राहिली. पडद्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'आपण उदासीन का?' नवीननं ते एकदा पाहिलं, प्रोजेक्टरची पिन काढली आणि फॅनची लावली.

वर टिनावर पाऊस बडवत होता. रुपाबाई खिडकीकडे पाठ करून, बाजेजवळ पाय पसरून बसली.

"हं, सांगा आता. आता हाय माहं लक्ष. पन्नास साल राहू द्या. हे पानी मले पाच दिवसांआधी कसं समजन, ते सांगा."

नवीननं मोबाइल काढला, तिला ढगांचा नकाशा दाखवला. "पाच दिवस आधी अंदाज मिळतो, मावशी. पण खात्रीनं म्हणाल तर दोन-तीन दिवसच."

रुपाबाईनं बोटं मोजली.

"तीन दिवसांत तं गहूच भिजते, सर."

नवीननं वहीत ते लिहून घेतलं. भिजलेल्या वीस कुरोड्या वाळल्यावर तिथंच तळल्या. लाल होत्या, पण फुलल्या. कारंजाला गेल्या त्या पांढऱ्या.