आतल्या बाजूचा कॅमेरा

बाजारपेठेच्या कोपऱ्यावर एका पत्र्याच्या टपरीत उस्ताद चाळीस वर्षं किल्ल्या बनवत होते. खरं नाव फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. कुलूप कसलंही असो, ते कान लावायचे, तार फिरवायचे आणि गिऱ्हाइकाचं रडगाणं संपायच्या आत उघडून हातात द्यायचे. ‘हे मला जमणार नाही’ असं त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं.

अशा माणसाला स्वतःच्या घराला मात्र कुलूप लावता येत नव्हतं.

बायकोची आठवण तीन वर्षांपासून विरत चालली होती. आधी भाजीत दोनदा मीठ पडायचं, मग गॅस चालू राहायला लागला, मग एकुलत्या एका मुलीचं नाव गेलं. शेवटी घरच परकं झालं. ‘मला घरी जायचंय’ म्हणत ती दाराकडे निघायची. एकदा उस्ताद नाइलाजाने बाहेरून कुलूप घालून कामावर गेले. परतले तर तिने दार बडवून बडवून दोन्ही हात सोलून घेतले होते आणि आवाज पार बसला होता. त्यांच्या हातातला किल्ल्यांचा जुडगा पाहून तिचा चेहरा उजळला. म्हणाली, “किल्लीवाले दादा, बरं झालं आलात. मला इथे कुणीतरी कोंडलंय.”

त्या दिवशी उस्तादांनी कानाला खडा लावला. या दाराला पुन्हा कुलूप लागणार नाही.

मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीला होती. तिने आईसाठी एक सेवाघर पाहून ठेवलं होतं, तेही बापाच्या घरापासून जवळ. उस्तादांनी नाही म्हटलं. भांडण झालं, रडारड झाली आणि अखेर एक अट ठरली. आईला घरी ठेवा, पण एकदा जरी ती हरवली, तर मी तुमचं काही ऐकणार नाही, असं मुलीने बजावलं.

टपरीसमोर एका बाईंचं इलेक्ट्रॉनिक वस्तूंचं दुकान होतं. त्यांना सगळे कॅमेरेवाली ताई म्हणायचे. उस्ताद त्यांच्याकडे जाऊन बसले. घर भाड्याचं, मालक भिंतीला खिळा ठोकू देत नाही, म्हणजे तारेचा कॅमेरा बाद. ताईंनी बॅटरीवर चालणारे दोन बिनतारी कॅमेरे काढले. एक स्वस्त होता, तो काहीही हललं की बोंब मारायचा, अगदी पडदा हलला तरी. दुसरा जरा महाग, पण माणसाचा चेहरा ओळखणारा. उस्तादांनी दुसरा घेतला आणि म्हणाले, दाराच्या आतल्या बाजूला लावायचा, तोंड घराकडे.

“चोर आतच राहतो का, उस्ताद?” ताई हसल्या.

“चोर नाही हो. जाणारं माणूस आत आहे.”

ताईंचं हसू मावळलं. दुपारी दुकान बंद करून त्या स्वतः घरी आल्या. वायफायचा डबा मागच्या खोलीत होता आणि दारापर्यंत सिग्नल पोचेपर्यंत त्याचा जीव जायचा. मग उस्तादांनी डबा मधल्या खोलीतल्या कपाटावर नेला. कॅमेरा आधी चिकटपट्टीने दाराच्या वर लावला, तर त्यात बायकोच्या डोक्याचा नुसता भांग दिसायचा. तो खाली, खांद्याच्या उंचीवर आणला. ताईंनी एक गोष्ट दोनदा सांगितली. फोन प्रत्येक चेहऱ्याबद्दल विचारणार, ही व्यक्ती घरची आहे का? रोज येणाऱ्या मावशींना ‘हो’ म्हणा, शेजारणीला ‘हो’ म्हणा. घरच्या माणसांसाठी फोन वाजत नाही. फक्त वहिनींना ‘हो’ म्हणू नका. त्या अनोळखीच राहू द्या, तरच तुम्हाला कळेल.

उस्तादांनी मान हलवली. सकाळच्या मावशी साडेबाराला जायच्या आणि उस्ताद दोनला जेवायला यायचे. मधला दीड तास कॅमेऱ्याच्या भरवशावर; जेवणानंतर संध्याकाळपर्यंत शेजारीण सोबतीला असायची.

दीड महिना सगळं नीट चाललं. सहा वेळा फोन वाजला आणि सहाही वेळा उस्ताद हातातलं काम टाकून पळाले. कधी ती जिन्यात सापडली, कधी फाटकापाशी. गुडघे कुरकुरायचे, पण ऊर भरून यायचा. समोरून ताई ओरडायच्या, “पळा उस्ताद, पळा! लग्नाआधी एवढे मागे लागला होतात का?” आणि पळता पळता उस्ताद हसायचे.

दर वेळी फोन बायकोचा फोटो दाखवून विचारायचा, ही व्यक्ती घरची आहे का? खाली दोन बटणं, हो आणि नाही. उस्ताद कुठलंच दाबायचे नाहीत.

मग ती दुपार आली. उस्ताद जेवायला घरी आले, ताट वाढलं आणि घास तिच्या तोंडाशी नेला. तिने हात झटकला. परक्या माणसाच्या हातचं मी खात नाही, म्हणाली. भिंतीला पाठ लावून बसली आणि विचारलं, “तुम्ही कोण? माझ्या घरात कसे शिरलात?” उस्तादांनी ताट झाकून ठेवलं आणि तसेच उपाशी टपरीवर आले. तेवढ्यात फोनवर तिचा फोटो आला. दाराशी उभी होती, केस सुटलेले, मागे शेजारीण. ही व्यक्ती घरची आहे का?

“हो,” उस्ताद एकटेच बोलले आणि बटण दाबलं. फोनने नातं विचारलं. त्यांनी लिहिलं, बायको.

आपण काय केलं हे त्यांना कळत होतं. संध्याकाळी बदलू, एवढा वेळ तरी राहू दे, असं मनाशी म्हणाले. संध्याकाळी ती शांत होती, त्यांच्या हातून जेवली. त्या आनंदात ते विसरले.

दुसऱ्या दिवशी फोन वाजला नाही. उस्तादांना बरं वाटलं, आज घरातच रमली म्हणायची. एका जुन्या तिजोरीचं कुलूप त्यांनी घाईगडबड न करता, अगदी चवीने उघडलं. दोनला घरी आले तर दार सताड उघडं.

ती साडेपाचला सापडली, नदीपलीकडे एका बंद शाळेच्या पायरीवर. पायाचा घोटा मोडला होता आणि एक चप्पल हरवली होती.

रात्रीच्या गाडीने मुलगी आली. सकाळी ती तरातरा ताईंच्या दुकानात गेली, उस्ताद मागोमाग. असला कसला कॅमेरा विकलात, वाजला का नाही, तिने विचारलं. ताईंनी फोन हातात घेतला, थोडा वेळ पाहिला आणि एकदा उस्तादांकडे बघितलं. मग मुलीला म्हणाल्या, “नेट गेलं असेल बाई. होतं असं कधी कधी. चूक माझीच, मी नीट तपासायला हवं होतं.”

उस्ताद पुढे झाले. “नेट होतं. तिला घरची म्हणून मी नोंदवलं होतं.”

मुलीने ताईंच्या हातून फोन घेतला आणि कालची ध्वनिचित्रफीत लावली. बारा बावन्न. आई येते, कॅमेऱ्याशी थांबते, पदर सारखा करते, कडी काढते. उंबऱ्यावरून मागे वळून रिकाम्या घराला सांगते, “अहो, जाऊन येते हं.”

‘अहो’ हा शब्द उस्तादांनी दोन वर्षांनी ऐकला. मुलीने बापाच्या पाठीवर हात ठेवला, पण अट अटच राहिली. तीही काय करणार? आणि उस्तादांनीही वाद घातला नाही.

सेवाघर चांगलं होतं. स्वच्छ खोल्या, मऊ बोलणाऱ्या परिचारिका. बाहेरच्या दाराला आकड्यांचं कुलूप होतं. सवयीने उस्तादांनी ते पाहून घेतलं. साधंच होतं. दोन मिनिटांचं काम.

पहिल्या रविवारी ते भेटायला गेले. पायाला प्लास्टर, ती चाकाच्या खुर्चीत बसून होती. दीड तास ती खिडकीबाहेर बघत होती. निघताना दारापर्यंत परिचारिकेने तिची खुर्ची ढकलत आणली. उस्तादांच्या खिशात किल्ल्या वाजल्या आणि तिचा चेहरा उजळला.

“किल्लीवाले दादा, हे दार उघडून देता का? घरी ते वाट बघत असतील.”

उस्ताद खाली वाकले. जुडगा मुठीत घट्ट धरला, म्हणजे आवाज होणार नाही.

“नाही हो बाई,” ते म्हणाले. “हे कुलूप मला जमणार नाही.”