यादीत नसलेला पाहुणा

माझ्या मेहुण्याइतका संशयी आणि तितकाच आनंदी माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात दुसरा नसेल. राजूरच्या शाळेत विज्ञान शिकवतो, पण जीव सगळा कॉम्प्युटरच्या पोटात. नवा मोबाइल घेतला की लोक पेढे वाटतात. हा आधी त्यातल्या ॲपांच्या परवानग्या काढून घेतो. टॉर्चच्या ॲपने फोनमधले नंबर मागितले म्हणून एकदा लग्नाच्या पंगतीत त्याने वाढप्यालाच अडवलं, "बॅटरीला माझ्या सासऱ्याचा नंबर कशाला पायजे?" वाढप्याला उत्तर आलं नाही, आणि ह्याच्या पानात जिलबी आली नाही.

मागच्या उन्हाळ्यात तो जालन्याला आमच्याकडे आला आणि चहाच्या आधी लॅपटॉप मांडीवर घेतला. ब्राउझरला कोणकोणते जास्तीचे प्रोग्राम जोडलेत, त्याची यादी असते म्हणे. ती त्याने वाचली, मग आतलं फोल्डर उघडलं आणि सोफ्यावर उभाच राहिला. "दाजी, यादीत चार हायेत अन् आत पाच! पाचवा लपून बसून राह्यला!" मी कधीतरी इंटरनेटवरून फुकटचं पंचांग उतरवलं होतं, त्याच्यासोबत हा शिरला होता. आम्ही उघडलेलं प्रत्येक पान टिपून तो बाहेर कुणाला तरी पाठवत होता. टिपलेली फाइलही सापडली. मेहुणा खणखणीत आवाजात वाचू लागला, "गुडघेदुखी, हे तुम्ही. केस काळे करायचे उपाय, तेबी तुम्हीच!" मी हसून हसून बेजार. आणि पुढच्या ओळीवर त्याचं बोट थांबलं.

मी वाकून पाहिलं. 'स्तनातली गाठ.' 'गाठ दुखत नसेल तर.' अशाच आणखी कितीतरी ओळी, महिनाभरातल्या. माझ्या बायकोच्या. त्याच्या ताईच्या.

त्याने पाचव्याला मुळासकट काढून टाकलं आणि सरळ स्वयंपाकघरात गेला. "ताई, मी तुझं वाचलं. चुकून वाचलं, पण वाचलं. आता चल दवाखान्यात."

"तुला कोणी सांगितलं होतं वाचायला?" ती कडाडली. मग ओटा धरून रडली. तपासण्या झाल्या. आठ दिवसांनी कळलं, गाठ साधी होती. परतताना रिक्षात ती मला म्हणाली, "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही जेवला नसता."

मेहुणा अजूनही गावभरच्या कॉम्प्युटरांत लपलेले पाहुणे हुडकतो, सापडला की तितकाच ओरडतो. पण टिपलेल्या ओळी दिसल्या की मालकाला खुर्चीवर बसवतो, त्याचं त्याला वाचू देतो आणि स्वतः रस्त्यावर जाऊन उभा राहतो. परवा मी विचारलं, तिथं काय करतोस?

"काय न्हाई, दाजी," तो म्हणाला. "ताईनं गाठीचं ते सगळं एकटीनं वाचलं, तेच आठवतं."