आक्काची सहा चाकं

आक्काच्या प्रत्येक वस्तूला जोड असायची. कमरेला दोन किल्ल्या, सीटमागे दोन पाण्याचे डबे, दोन जॅक. चहासुद्धा ती दोन कप सांगायची आणि दोन्ही स्वतःच प्यायची. "एकाच्या भरवशावर ऱ्हायचं न्हाई," हे तिचं ठरलेलं वाक्य. जोड नव्हती ती फक्त तिला. नातेवाइकांनी दुसऱ्या लग्नाचा विषय काढला की म्हणायची, "मी काय चाक हाव का जोड लावायला? मी गाडी हाव."

ती किल्लारीकडची. भूकंपात घराच्या माळवदाचा, त्या जड मातीच्या छताचा, मधला खांब गेला आणि त्याखाली नवरा गेला. लोक ढिगाऱ्यातून सागवानी चौकटी, तुळया उपसून नव्या वसाहतीत नेत होते. ते वाहायला नवऱ्याची पिकअप रस्त्याकडेला धडधाकट उभी होती, चालवणारा नव्हता. आक्काने पदर खोचला, नवऱ्याचे बूट घातले आणि स्टिअरिंगवर बसली. ती कायमचीच.

पुढे लातुरात शिकवणी वर्गांचं पीक आलं. जूनमध्ये गावोगावची पोरं लोखंडी कॉट, गाद्या, पत्र्याच्या पेट्या घेऊन उतरायची. मी त्यांच्यासाठी खानावळ चालवायचे, आक्का त्यांच्या खोल्या हलवायची. ओळख धंद्यातली. मैत्री नंतर झाली, तीही भांडून.

अशाच एका जूनमध्ये कॉटांनी भरलेली तिची पिकअप औशाच्या रस्त्यावर वळणात उलटली. मागचं टायर फुटलं होतं, आणि त्या पिकअपला मागे प्रत्येक बाजूला एकच चाक. माणूस कोणी दगावलं नाही, आक्काचं मनगट मोडलं. दीर अण्णाराव दवाखान्यात आला तो गाडीला गिऱ्हाईक सोबत घेऊनच. "वैनी, बाईमाणसाचं काम न्हाई हे. इकून टाका. घरी भाकरीला कमी हाय का?"

"भाकर मिळंल की भाऊजी," आक्का म्हणाली. "पण ती तुमची आसंल."

मनगटाचं प्लास्टर निघालं तशी ती गाडी घेऊन नांदेडला गेली. तिथे भंगाराच्या गल्लीत एक मिस्त्री होते, तीन पिढ्यांपासून लोखंडात हात. मी सोबत होते. आक्का म्हणाली, "मागं दोन्ही बाजूला जोडचाक पायजे."

"बाजूला एक चाक चिकटवून होत नाही, आक्का. पूरा एक्सल बदलना पडता," मिस्त्री म्हणाले. "और स्प्रिंग के पाटे, ब्रेक, सब."

"मग बदला की."

एका जुन्या छोट्या ट्रकचा जोडचाकी एक्सल त्यांनी काढला. त्यावर पाट्यांच्या बैठका नव्याने वेल्ड केल्या, इंजिनाकडून मागच्या चाकांना फिरवणारी खालची लांब दांडी मापात कापली, बॉडीच्या कडा छाटून चाकांना जागा केली. शेवटी जरा अपराधी चेहऱ्याने म्हणाले, "एक गडबड है. पुढच्या आणि मागच्या चाकांची बोल्टची भोकं जुळत नाहीत. स्टेपनी दोन लागतील."

आक्काचा चेहरा उजळला. "दोन? बेस झालं."

आमच्याकडे चाकं वाढली की लोक लगेच वजनही वाढवतात. अण्णारावनेही तेच सुचवलं. आक्का वाळूचं एक घमेलं जास्त घेईना. "दुसरं चाक वझ्यासाठी न्हाई. पयलं गेल्यावर उभं ऱ्हायासाठी हाय."

पासिंगला वेगळाच तमाशा. कागदावर चार चाकं, गाडीला सहा. आरटीओच्या गेटबाहेरच्या लिंबाखाली दलालांनी उपाय सांगितला: बाहेरची दोन काढा, शिक्का घ्या, परत लावा. सगळे तेच करत. मीही म्हणाले, "आक्का, काढ. सीझन चाललाय." त्यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं. "काढून दाखवायला मी काय चोरी केली का?" तिने गाडी तिथेच उभी केली आणि रोज डबा घेऊन गेटात बसू लागली. सीझन गेला. पावसाळा सरता सरता एक नवे साहेब आले. त्यांनी गाडीखाली वाकून पाहिलं, स्वतः चालवून ब्रेक मारून पाहिला, आणि अर्ज वर पाठवला. कागदावर सहा चाकं आली तेव्हा आक्का म्हणाली, "आता मोजा म्हनावं कुनीबी."

रोज निघण्याआधी ती लाकडी ठोकणीने सहाही टायर ठोकायची. जोडीतलं आतलं टायर बसलं तरी दिसत नाही, आवाजावरूनच कळतं. दोन टायरांमध्ये अडकलेले दगड सळईने काढायची. हे सगळं तिने मलाही शिकवलं, गाडीसकट. विचारलं नव्हतं. "गाडीला दुसरा डायवर पायजे," एवढंच म्हणाली.

पण वर्षं गेली आणि जोडीतलं चाक एकदाही रस्त्यात दगा देईना. अण्णाराव भेटला की हसायचा. "वैनी, दोन चाकं फुकट फिरवायलाव की हो." आक्का ऐकून घ्यायची. या एका बाबतीत तिच्याकडे पुरावा नव्हता.

आक्का गेली ती तापाने, चार दिवसांत. माती गावाकडे करायची होती. अण्णाराव गाडी ठरवायला निघाला. मी म्हटलं, "तिची दारात उभी असताना?" त्यांच्यात मयताला आडवं नाही, बसवून नेतात; तसं तिला हार घालून मागे बसवलं. शेजारी अण्णाराव आणि भावकी. चालवणार मी होते; स्टिअरिंगवरून ठोकणी घेऊन खाली उतरले.

"बाई, मैताला उशीर व्हायलाय," अण्णाराव वरून म्हणाला.

"तिच्या गाडीला तिचाच कायदा," मी म्हणाले, आणि सहाही ठोकले.

औशाच्या पुढे रस्त्यावर फुटक्या खडीचा ढीग पसरला होता. तो ओलांडला आणि मागे धाडकन आवाज झाला. भावकीने फळ्या धरल्या. गाडी किंचित कलली आणि तशीच सरळ चालत राहिली.

"थांबा, थांबा बाई, उलटंल," अण्णाराव म्हणाला.

"उलटत नाही, अण्णा," मी आरशात बघत म्हणाले. "बाहेरचं गेलंय, आतलं आहे."

स्टेपनी होत्या, पण ती वर बसलेली असताना जॅक लावायचा नव्हता; वेग कमी केला आणि गावापर्यंत तशीच नेली. पोचल्यावर अण्णाराव सगळ्यांच्या आधी उतरला आणि चाकाजवळ वाकला. फाटलेल्या टायरमागे आतलं चाक तेवढं उभं होतं. तो त्याला हात लावून बसला, उठेचना. माणसं खोळंबली.

"अण्णा," मी म्हणाले, "आधी तिला उतरवा. ते चाक कुठं जात नाही."