सोळा पिवळ्या खुणा

...आणि ती सुई निघाली कुठून, तर गिऱ्हाइकाच्या सीटमधून! टेकता क्षणी तो गृहस्थ असा उसळला की डोकं थेट गाडीच्या छताला. इथवर आलो होतो आपण काल, आणि तुम्ही हसत हसत उठून गेलात. खरी गोष्ट तर पुढेच आहे.

सुई मास्तरांची, हे सांगितलंच. मास्तर म्हणजे टेलर मास्तर. बावीस वर्षं शिवणयंत्रावर पाय मारलेला माणूस. मग तयार कपड्यांच्या दुकानांनी गिऱ्हाईक ओढून नेलं, तसं एके दिवशी मास्तरांनी यंत्रावर चादर टाकली आणि वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी कॉलेजात नाव घातलं. मोटारी दुरुस्त करायचं कॉलेज ते. अभ्यासक्रम दोन वर्षांचा. आठ आठवडे वर्गात बसायचं, आठ आठवडे गाड्यांच्या शोरूममागच्या वर्कशॉपात जाऊन प्रत्यक्ष हात तेलात घालायचे, की परत वर्गात. पहिल्या दिवशी मास्तर वर्गात शिरले तर विशीतली पोरं खाडकन उभी राहिली. त्यांना वाटलं, सरच आले! मास्तर शेवटच्या बाकावर जाऊन बसले तेव्हा कुठे उलगडा झाला, आणि "मास्तर" हे नाव तिथेही चिकटलं ते चिकटलंच.

माणूस मोठा हौशी. गिऱ्हाइकाच्या गाडीची सीट उसवलेली दिसली की हात शिवशिवणारच. कुणी सांगितलं नव्हतं, पण कॉलरला टोचलेली सुई काढली, चार टाके घातले आणि सुई तिथेच विसरले. त्याबद्दल मिळाला लाल शेरा. नियम असा होता, की दोन लाल शेरे झाले की वर्कशॉपचा दरवाजा बंद, आणि वर्कशॉप बंद तर कॉलेजही बंद. एक सुईने खाल्ला, एक शिल्लक होता.

वर्कशॉपात मास्तरांना शिकवायला होती ती सव्वीस वर्षांची पोरगी. चणीने एवढीशी, स्टिअरिंगखालच्या सांदीत अख्खी मावायची, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणायचे. ती मास्तरांना "काका" म्हणे आणि मास्तर तिला "ताई". पहिल्याच दिवशी तिने विचारलं होतं, "काका, स्क्रू कुठल्या बाजूने आवळतात ठाऊक आहे ना?" मास्तर म्हणाले, "ताई, शिवणयंत्र काय भजन म्हणून चालतं होय?" तेव्हापासून दोघांचं गूळपीठ जमलं.

तर एका दुपारी एक छोटी पांढरी गाडी आली, दवाखान्यातल्या एका नर्सबाईंची. काम साधं. पुढची चाकं मागे, मागची पुढे. चाकाला चार नट, चार चोक सोळा. मास्तरांनी चाकं चढवली, नट हवेच्या गनने हलके टेकवले, गाडी लिफ्टवरून खाली घेतली. आता राहिला शेवटचा आणि खरा घास. टॉर्क पाना लावून एकेक नट आवळायचा. ठरलेल्या जोराला पाना "कट्" असा आवाज करतो, म्हणजे पुरे. आणि मग, नीट ऐका हं, मग पिवळ्या पेनने नटापासून चाकापर्यंत एक रेघ मारायची. रेघ दिसली की नट आवळला आहे हे कुणालाही कळतं. पुढे कधी नट सरकला तर रेघ तुटते, तेही कळतं. कॉलेजात सरांनी हे वर्गाकडून पाढ्यासारखं म्हणून घेतलं होतं, "आधी कट्, मग पिवळं!" परीक्षेत या प्रश्नाला मास्तरांना पैकीच्या पैकी.

पण त्या दुपारी पाना शेजारच्या गाडीवर अडकलेला. मास्तर उभे, हातात पेन. आता बावीस वर्षांची सवय कुठे जाते? शिंपी आधी खडूने खुणा करतो, मग कापतो, मग शिवतो. खूण केल्याशिवाय त्याचा हात पुढे सरकतच नाही. पाना येईपर्यंत रिकामं कशाला उभं राहायचं म्हणून मास्तर खाली बसले आणि सोळाच्या सोळा नटांवर पिवळ्या रेघा मारून मोकळे झाले. रेघा तरी काय सुरेख! सगळ्या एका मापाच्या.

तेवढ्यात पलीकडून हाक आली. "मास्तर, जरा ब्रेक दाबायला या हो!" एका गाडीच्या ब्रेकमधली हवा काढायची होती. मास्तर आत जाऊन बसले. "दाबा... धरा... सोडा. दाबा... धरा... झोपलात काय, सोडा!" असं वीस मिनिटं चाललं. परत येऊन बघतात तो चाकांवर सोळा पिवळ्या रेघा. पिवळं म्हणजे झालं. मास्तरांनी पेन खिशाला लावला आणि आवाज दिला, "ताई, पांढरी झाली!" चिमणीने वाकून चारी चाकांवर पिवळं बघितलं, जॉब कार्डावर सही केली आणि गाडी गेली.

मास्तर शीळ घालत घरी.

संध्याकाळी सातचा सुमार. मास्तरांची बायको औषधांच्या दुकानात कामाला. तिला नवा पांढरा कोट मिळाला होता, बाह्या लांब. मास्तरांनी त्या मुडपून खडूने खुणा केल्या, कोट खुर्चीवर ठेवला आणि पुस्तक उघडून बसले. थोड्या वेळाने बायकोने कोट चढवला, तर बाह्या बोटांच्या खाली लोंबताहेत.

"अहो, हे काय? टाके कुठायत?"

"घातले की."

"कुठे घातलेत? स्वप्नात? नुसता खडू ओढून ठेवलाय."

मास्तर पुस्तकातून मान वर न काढताच म्हणाले, "खुणा दिसल्या ना, मला वाटलं झालं..."

आणि तिथेच पुस्तक मिटलं.

पाना. पाना हातात कधी घेतला होता? ते आठवू लागले. रेघा मारल्या, ब्रेक दाबला, पेन खिशाला लावला. "कट्" आवाज? एकदाही नाही. सोळा "कट्" व्हायला हवे होते आणि कानात एकही नव्हता.

"काय झालं हो? तोंड का असं पांढरंफटक?"

"काही नाही. पाठ भरून आलीय."

तिच्याशी इतकं धडधडीत खोटं बोलण्याची त्यांची पहिलीच वेळ असावी. जमलंही नाही. ती बघतच राहिली.

फोन हातात घेतला. चिमणीचं नाव समोर आणलं. अंगठा टेकवायचा तेवढा बाकी. आणि मग मन लागलं वकिली करायला. गनने टेकवले होतेच की नट, काही अगदी सुटे नाहीत. कदाचित पाना लावलाही असेल आपण, वयोमानाने विसरलो असू. आता वर्कशॉपही बंद, ती पोरगी तरी काय करणार? आणि या सगळ्यांच्या मागे, दाराआड उभा राहिल्यासारखा, दुसरा लाल शेरा. वर्ष-दीड वर्ष घरचा भार एकटीने ओढणारी बायको समोर लोंबत्या बाह्यांनी उभी. फोन खाली ठेवला.

घरात बसवेना, म्हणून पाय मोकळे करायला बाहेर पडले. आणि काय सांगू, रस्त्याकडेला उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीपाशी हा माणूस वाकतो आणि चाक बघतो! एका गाडीचा मालक खिडकीतून ओरडला, "ओ, काय पाहिजे?" मास्तर दचकून म्हणाले, "काही नाही... नट चांगले आहेत तुमचे." तो मालक खाली उतरायच्या आत मास्तर कोपऱ्यावरून पसार. हसू नका.

सकाळी आठला वर्कशॉपचं शटर वर गेलं, तेव्हा मास्तर दारातच उभे. चिमणी आली तशी त्यांनी एका दमात सगळं सांगून टाकलं. तिने लगेच कार्डावरून नर्सबाईंचा नंबर काढला, लावला. वाजतोय, वाजतोय, कुणी उचलत नाही.

"कामावर असतील. चला काका. पाना घ्या."

चिमणीची स्कूटर, मागे मास्तर, मांडीवर आडवा हातभर पाना. दवाखान्याच्या आवारात पांढऱ्या गाड्या काय थोड्या असतात? चार रांगा पालथ्या घातल्या तेव्हा नंबर जुळला. मास्तर चाकांपाशी वाकले. मागच्या चाकांच्या रेघा सरळ होत्या. पुढच्या डाव्या चाकाच्या दोन नटांवर रेघ तुटलेली. अर्धी नटावर, अर्धी चाकावर, मधे बोटभर अंतर. नट सुटत चालले होते. चिमणीने पाना लावला. बाकीचे नट थोडं थोडं फिरून "कट्" म्हणाले. त्या दोन नटांना ती फिरवतेय, फिरवतेय, आवाजच येईना. पाऊण फेरा गेला तेव्हा कुठे "कट्".

तेवढ्यात नर्सबाई आल्या. कुणीतरी जाऊन सांगितलं असावं, तुमच्या गाडीची चाकं काढतायत म्हणून.

"अगंबाई, तुम्ही होय! मला वाटलं चोर."

चिमणी चटकन उभी राहिली. "टायर फिरवले की आम्ही एकदा तपासून घेतो, मॅडम. नेहमीचंच असतं."

"इतकं कोण करतं हो आजकाल! बरं झालं आलात. काल घरी जाताना स्टिअरिंगला जरा कापरं भरल्यासारखं वाटत होतं. मागे दोन्ही पोरं गाणी म्हणत होती. म्हटलं, दिवसभर राबून माझेच हात थरथरतायत." आणि मास्तरांकडे वळून म्हणाल्या, "काका, तुम्हाला घाम किती आलाय! पाणी आणू का?"

मास्तर नको नको म्हणत पाना उचलायला वाकले.

परतताना अर्ध्या वाटेत चिमणीने स्कूटर कडेला घेतली. "काका, आता गप्प बसायचं. चाक जागेवर आहे, बाई खूश आहेत. आणि कार्डावर सही माझी आहे. प्रत्येक चाकाचा एक नट सही करणाऱ्याने स्वतः पान्याने बघायचा, असा नियम आहे. मी नुसतं पिवळं बघितलं. पुढच्या महिन्यात मला सीनियर करणार आहेत, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे, ताई."

"मग झालं तर."

झालं कसलं! स्वतःचा शेरा असता तर मास्तरांनी एव्हाना कपाळावर चिकटवून घेतला असता. पण बोलावं तर पोरगी अडकते, न बोलावं तर पाऊण फेरा डोक्यात फिरत राहतो. बायकोला मात्र त्या संध्याकाळी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या बाईची पोरं केवढी आहेत?" मास्तर म्हणाले, "विचारलं नाही." यावर ती उठून कोटाच्या बाह्या स्वतःच शिवायला बसली, तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी मास्तर चिमणीपाशी गेले. "ताई, मला हे पचत नाहीये. मी बोलणार. तुमचं नाव निघेल म्हणून आधी तुम्हाला सांगतोय." चिमणीने हातातलं फडकं बाकावर आपटलं आणि निघून गेली. दोन दिवस "काका" नाही की काही नाही. "तो पाना द्या", "ते भांडं सरकवा", एवढंच. मास्तर रोज सुपरवायझरच्या काचेच्या खोलीपर्यंत जायचे आणि पाण्याच्या पिंपापाशी वळून यायचे. त्या दोन दिवसांत माणूस इतकं पाणी प्यायला की विचारू नका.

आणि मग आलं पत्र. नर्सबाईंनी स्वतःच्या हाताने लिहिलेलं, पानभर. सकाळच्या हजेरीला सुपरवायझरने सगळ्यांना गोळा केलं आणि चष्मा लावून मोठ्याने वाचायला घेतलं. 'माझ्या कामाच्या जागी येऊन चाकं तपासणारी अशी प्रामाणिक माणसं...' पोरांनी टाळ्या वाजवल्या. एक म्हणाला, "मास्तर, आता पार्टी!" मास्तर कान लाल करून उभे. "प्रामाणिक" हा शब्द पत्रात तीनदा होता, आणि तिन्ही वेळा त्यांची मान खाली गेली.

सुपरवायझरने पत्र फळ्यावर टाचलं. "कॉलेजच्या सरांनाही याची प्रत पाठवतोय. सुईचा तो लाल शेराही खोडून टाकू म्हणतो. पण मास्तर, एक सांगा, गाडी गेल्यावर तिच्या मागे जाऊन नट तपासायचं तुम्हाला सुचलं तरी कसं?"

मास्तरांनी चिमणीकडे बघितलं. ती खाली मान घालून तोच एक पाना पुसत होती. पुसता पुसता तिचा हात थांबला, तिने वर बघितलं, आणि पाना बाकावर ठेवून दिला. ना होकार, ना नकार.

मास्तरांनी घसा खाकरला. पुढे ते बोलले ते जसंच्या तसं सांगतो, एक अक्षर माझं नाही.

"साहेब, सुचलं नाही, आठवलं. खुणा मी आधीच मारून ठेवल्या आणि पाना लावलाच नाही. ताईंनी सही केली ती माझ्या खुणांवर भरवसा ठेवून. दोन नट सुटत आले होते, आणि मागे त्या बाईंची पोरं बसली होती. शेरा लिहाल तेव्हा एवढं मात्र लिहा, की मला आठवलं संध्याकाळी सात वाजता आणि मी तोंड उघडलं सकाळी आठला. नट राहिले ते सवयीने. मधले तेरा तास मी जाणूनबुजून गप्प बसलो."